आपणहूनचा रकाना

माझ्या भावाच्या फाईलमध्ये दोन रकाने होते. एक 'सांगितल्यावर' आणि दुसरा 'आपणहून'. पाच आठवड्यांत पहिला रकाना खुणांनी गच्च भरला होता आणि दुसऱ्यात एकही खूण नव्हती. शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टरांची बैठक होती. तोपर्यंत दुसऱ्या रकान्यात काही दिसलं, तर धाकट्याला या वॉर्डात आणखी सहा आठवडे मिळणार होते. नाही दिसलं, तर सोमवारी त्याला सांभाळकेंद्रात हलवणार होते.

सांभाळकेंद्र मी जाऊन पाहून आले होते. जागा स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती. एका खोलीत सहा पलंग आणि मोठ्या आवाजात लावलेला टीव्ही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, कूस बदलणं वेळेवर. मी विचारलं, "यांना चालवता कधी?" तिथली बाई मला म्हणाली, "कशाला उगीच छळायचं ताई? आता आराम करू दे ना." तिचा हेतू चांगला होता, तरी मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

धाकटा म्हणजे वय एकेचाळीस, उंची सहा फूट, हाताचे पंजे फावड्याएवढे. पण आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची, त्यामुळे आमच्यात तो धाकटाच राहिला. धंद्याने फरशीवाला. नव्या इमारतीत फरश्यांचा खोका खांद्यावर घेऊन जिना चढत होता, पाय घसरला आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. ऑपरेशन झालं, तीन आठवडे नळ्यांमध्ये गेले, मग या वॉर्डात आणलं. डावा पाय ओढत होता आणि बोलण्यात 'हं' आणि 'बस' एवढे दोनच शब्द उरले होते.

पण खरं जे गेलं होतं ते वेगळंच होतं, आणि ते कळायला मला वेळ लागला. त्याला सुरुवात करता येत नव्हती. 'ऊठ' म्हटलं की उठायचा, 'चाल' म्हटलं की चालायचा. काही म्हटलं नाही तर तासन्‌तास खुर्चीत बसून राहायचा. ओठ कोरडे पडलेले असायचे, हाताशी पाण्याचा पेला असायचा, पण 'पी' म्हणेपर्यंत हात उचलला जायचा नाही.

फिजिओबाईंनी मला समजावलं होतं, "गाडी ठीक आहे ताई. फक्त किल्ली फिरत नाहीये."

"किल्ली नाही, स्टार्टर," मी म्हणाले. "किल्ली तर आपण रोज फिरवतोय."

हे मी म्हणणारच. सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतेय. माझ्या बाजूला एक जास्तीचा ब्रेक असतो आणि गाडी हलली की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. आरसा बघ, क्लच दाब, डावीकडे बघ, अरे डावीकडे म्हणजे डावीकडे! माझ्या हाताखालून बाहेर पडलेली माणसं वीस-वीस वर्षांनी भेटतात आणि सांगतात, "बाई, अजून वळताना कानात तुमचाच आवाज येतो." मी आपली खूश व्हायचे.

तर असा माझा आवाज घेऊन मी पाच आठवडे वॉर्डात उभी होते. फिजिओबाई गोगलगाय नि पोटात पाय अशा. हळू बोलणार, हळू चालणार, पण नजरेतून काही सुटणार नाही. त्यांच्याकडे एक पाटी असायची, तिला लावलेल्या कागदावर दर दहा मिनिटांनी एक खूण, त्या नसतील तेव्हा नर्सची. झोपलेला, बसलेला, उभा, चालणारा. पुढे ते दोन रकाने. धाकट्याचा पहिल्या आठवड्याचा कागद त्यांनी मला दाखवला. दिवसाच्या बारा तासांतले अकरा तास तो बसलेला नाहीतर झोपलेला होता. व्यायामशाळेत जो तास चालला तेवढाच काय तो.

"दवाखाना म्हणजे बसून राहायची जागा नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूला दिवसभर काहीतरी हवं. मी त्याच्याकडे एकच तास असते. बाकीचा दिवस तुमचा."

मग काय, बाकीचा दिवस मी हातात घेतला. सकाळी ऊठ, दुपारी चाल, संध्याकाळी परत चाल. खुर्चीत बसून बस, ऊठ, बस, ऊठ. तो निमूटपणे सगळं करायचा. त्याच्या कमरेला एक पट्टा असायचा, तो मागून धरून मी त्याला कॉरिडॉरमध्ये चालवायचे. त्याच्या खोलीच्या दारापासून निघालं की वीस पावलांवर चादरींची खोली. तिथवर बरोबर यायचा आणि थांबायचा. म्हणायचा, "बस."

रोज वीस पावलं आणि रोज 'बस'. कितीही ढकला, पाय रोवून उभा. मग त्याला वळवायचं आणि परत खुर्चीत आणायचं.

"हे 'बस' म्हणजे नक्की काय म्हणतोय तो?" फिजिओबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं.

"पुरे म्हणतोय, दुसरं काय?" मी ठणकावून सांगितलं. "लहानपणापासून आळशी आहे मेला."

हे साफ खोटं होतं. चौदाव्या वर्षी तो मोठ्या माणसांच्या बरोबरीने सिमेंटची पोती वाहायचा. पण मी दमले होते, पाय दुखत होते, आणि माझ्या जिभेला हाड नाही. फिजिओबाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. बुधवारी बैठकीसाठी फाईल तयार झाली तेव्हा ते वाक्य मी छापलेलं वाचलं: 'वीस पावलांनंतर "बस" म्हणून नकार देतो. इच्छाशक्ती पूर्वीपासून कमी असल्याचं बहीण सांगते.' माझे शब्द धुऊन, इस्त्री करून, त्याच्याविरुद्ध उभे केले होते.

गुरुवारी दुपारी मी त्याला चालवायला काढलं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एकच दिवस हातात होता. चादरींच्या खोलीपाशी आला, थांबला.

"बस."

"नाही बस. अजून चार पावलं. चल."

"बस."

मी पट्टा धरून ओढला. सहा फुटांचा माणूस, तो काय हलतोय! उलट भिंतीचा दांडा घट्ट धरून खाली बघत राहिला. मग माझा बांध फुटला.

"बस काय बस! सोमवारी कायमचं बसवतील तुला, मग कर बस बस!"

अख्ख्या कॉरिडॉरने ऐकलं. एक म्हातारे गृहस्थ वॉकर धरून येत होते, ते आल्या पावली परत फिरले. धाकट्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्याला वळवून दारापाशी आणलं, खुर्चीत बसवलं, खुर्चीचा पट्टा लावला आणि शेजारच्या बाकावर मी तोंड फिरवून बसले. लाज वाटत होती. माफी मागायला हवी होती, पण तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी चादरींची गाडी ढकलत आल्या. या वॉर्डात सगळं जग मावशींच्या जिवावर चालतं. त्यांच्या गाडीचं एक चाक कुरकुरायचं, त्यामुळे त्या येताहेत हे लांबून कळायचं. गाडी चादरींच्या खोलीपाशी आली, तिथल्या एका फरशीवरून चाक गेलं आणि 'डब' असा आवाज झाला.

"बस," धाकटा म्हणाला.

मी वळून पाहिलं. तो खुर्चीत बसलेला होता. चालत नव्हता, दमला नव्हता, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. बसलेला माणूस 'पुरे' कशाला म्हणेल? त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, आणि बोटाचं पेर त्यावर हलकेच आपटत होतं. टक टक. थोडं थांबून, टक.

मावशी खोलीत चादरी लावून परत निघाल्या. चाक पुन्हा तिथून गेलं. डब.

"बस... ली," तो म्हणाला.

"मावशी, थांबा!" मी ओरडले. "गाडी जरा परत मागे घ्या."

"का हो? काय पडलं?"

"काही नाही पडलं. त्या फरशीवरून न्या परत."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दाखल करून घ्यायची गरज खरी मलाच आहे. "ताई, तुमची हौस फिटली की सांगा, मला अजून तीन वॉर्ड आहेत," असं म्हणत त्यांनी गाडी मागे घेतली. डब.

"बसली..." आणि पुढचा शब्द ओठांवर येऊन अडला. त्याच्या कपाळावर घाम होता.

मी उठून तिथे गेले, खाली बसले आणि बोटाच्या पेराने फरशी वाजवली. शेजारची फरशी 'ठक' वाजली, भरीव. ही 'डब' वाजली, पोकळ. खाली सिमेंटचा माल कमी पडला होता.

मला माझाच भाऊ आठवला. कोणाच्याही घरी गेला की पाणी पिण्याआधी जमिनीवर पेर आपटणारा. मी त्याला किती वेळा दटावलं होतं, लोकांकडे आलोय, जरा बरा वाग. तो कपाळाला आठ्या घालून माझ्या कानात सांगायचा, "ताई, बसली नाही गं ही." फरशी नीट बसली नाही की त्याचा जीव घरात रमायचा नाही.

पाच आठवडे तो पुरे म्हणत नव्हता. रोज वीस पावलांवर त्याच्या पायाखाली ती पोकळ फरशी येत होती आणि तो आम्हाला सांगत होता की ही बसली नाही. त्यातलं 'बस' एवढंच बाहेर पडत होतं. बाकीच्यांचं सोडा, त्यांना काय माहीत. मला माहीत होतं. आणि मीच त्याचा अर्थ लावून फाईलमध्ये नेऊन ठेवला होता. चादरींच्या खोलीत कपाटाकडे तोंड करून मी रडले. मावशींनी एक टॉवेल हातात दिला.

तशीच फिजिओबाईंकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मध्ये एकदा त्यांनी डोळे मिटले.

"माझीही चूक आहे," त्या म्हणाल्या. "वीस पावलं म्हणजे त्याची ताकद, असं मी धरून चालले. जागा बदलून पाहायला हवं होतं."

"मग आता बदला ना ते. लिहा की तो नकार देत नव्हता."

"लिहिते. पण त्याने नकाराचं वाक्य खोडलं जाईल. दुसरा रकाना भरणार नाही. तिथे अर्थ लिहिता येत नाही ताई. काय केलं ते लिहावं लागतं. मोठे डॉक्टर विचारणार, कोणी न सांगता हा खुर्चीतून एकदा तरी उठला का? तर मी काय दाखवू?"

"मी आज त्याला सांगून ठेवते. उद्या ऊठ म्हणून."

"मग ते 'सांगितल्यावर' झालं."

"त्याची फरशी ठोकायची रबरी हातोडी घरून आणून शेजारी ठेवते."

"ती पण खूणच झाली." मग त्यांनी पाटी बाजूला ठेवली. "उद्या साडेदहा ते अकरा मी त्याच्यासमोर बसते. खुर्चीचा पट्टा सोडते, ती जबाबदारी माझी. तुम्ही समोरच्या बाकावर. एक शब्द नाही, डोळ्यांनी खूण नाही, खाकरणंसुद्धा नाही. जमेल?"

"सकाळची चादरींची गाडी साडेदहालाच येते ना?"

"ती मी बोलवलेली नाही आणि थांबवणारही नाही," त्या म्हणाल्या, आणि गोगलगाय पहिल्यांदा हसली.

शुक्रवारी साडेदहाला फिजिओबाईंनी धाकट्याच्या खुर्चीचा पट्टा सोडला आणि स्टूल घेऊन बाजूला बसल्या. मी समोरच्या बाकावर. दोन्ही हात मांडीवर, दातांवर दात.

दहा चाळीसला त्यांनी पहिली खूण केली. बसलेला.

गाडी आली नव्हती. मी कान टवकारून त्या कुरकुऱ्या चाकाची वाट बघत होते. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टपाशी दोन माणसं उभी राहून बटण दाबत होती, पुन्हा पुन्हा दाबत होती. मग एकजण म्हणाला, "बंद आहे वाटतं." मावशी गाडीसकट खाली अडकल्या होत्या. रोजच्या रोज न चुकता येणारी बाई, आणि आजच लिफ्टला मरण आलं.

धाकट्याच्या शेजारी पाण्याचा पेला होता. त्याचे ओठ सुकलेले मला बाकावरून दिसत होते. माझ्या घशाशी 'पी रे बाबा' एवढे तीन शब्द येऊन बसले होते. तेवढे बोलले असते तर तो पाणी प्यायला असता, आणि पहिल्या रकान्यात अजून एक खूण पडली असती. मी जन्मात एवढा वेळ गप्प बसले नव्हते. झोपेतही मी बडबडते असं धाकटाच सांगायचा.

दहा पन्नासला दुसरी खूण. बसलेला.

फिजिओबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. त्या सहा पलंगांच्या खोलीत सातवा पलंग टाकतील आणि हा भिंतीकडे बघत बसेल. कोणी त्याला छळणार नाही. मी बाकाची कड केव्हापासून आवळून धरली होती.

अकराला पाच कमी असताना मोठे डॉक्टर जिन्याने वर आले. बैठकीला लवकर आले होते. चादरींच्या खोलीपाशी एका नर्सने त्यांना गाठलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. ते वाचत उभे राहिले. वाचता वाचता टाचांवर पुढेमागे झुलायची त्यांना सवय असावी. जाड तळव्यांचे बूट, आणि पायाखाली बरोबर तीच फरशी.

डब. डब.

"बस," धाकटा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मला म्हणतोय का? बसायला सांगतोय?" आणि नर्सकडे बघून हसले. "चांगलं आहे, पेशंट डॉक्टरांना बसा म्हणायला लागले." पुन्हा वाचायला लागले. डब.

"बस..."

त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आले. कोणीही 'ऊठ' म्हटलेलं नव्हतं. तो पुढे झुकला, कंबर चार बोटं वर आली आणि पुन्हा खाली आदळली. डावा पाय खूप पुढे राहिला होता. पाय मागे घे, पाय मागे घे, असं माझं अख्खं अंग ओरडत होतं. मी मूठ तोंडात घातली आणि चावली.

दुसऱ्यांदा झुकला आणि पुन्हा बसला. मग त्याने खाली पाहिलं, उजव्या हाताने आपली डावी मांडी धरून पाय मागे ओढला, आणि उभा राहिला.

फिजिओबाई त्याच्या मागे सावलीसारख्या उठल्या. हात लावला नाही, नुसते पसरून ठेवले. त्याने भिंतीचा दांडा धरला आणि निघाला. मी मनात मोजत होते. सहाव्या पावलाला डावा पाय फरशीला घासला. अकराव्याला गुडघा वाकला आणि तो अर्धा खाली गेला. दांडा धरलेला हात ताणला गेला, फिजिओबाईंचे पंजे त्याच्या काखेपासून बोटभर अंतरावर थांबले, आणि तो परत सरळ झाला. बारा. तेरा.

एव्हाना डॉक्टर कागद विसरले होते. धाकटा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, त्यांच्या कोटाची बाही धरली आणि वाटेतली बादली सरकवावी तसं त्यांना बाजूला केलं. मग दांडा धरून तो खाली जायला लागला.

"अरे, अरे, पडेल तो," डॉक्टर म्हणाले.

पडला नाही. आधी उजवा गुडघा टेकला, मग डावा. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो याच बैठकीत दिवस काढत होता, गुडघ्यांना वाट पाठ होती. पेर फरशीवर आपटलं. टक टक. टक. शेजारची वाजवली, परत ही वाजवली. कान जवळ नेला.

"बसली नाही," तो म्हणाला.

दोन्ही शब्द लख्ख. फिजिओबाईंनी पाटीवर खूण केली.

पण खाली जाणं सोपं असतं. आता तो जमिनीवर होता आणि उठायचं होतं. त्याने दांड्याकडे हात नेला, अर्धा वर आला, डावा पाय निसटला आणि धाडकन कुल्ल्यावर बसला. खोलीतून दोन वॉर्डबॉय धावत आले.

"बस, झालं, पुरे," डॉक्टर म्हणाले. "उचला त्याला. हाड मोडून घेईल."

"हात लावायचा नाही त्याला!"

सव्वीस वर्षांचा आवाज एकदम बाहेर पडला. वॉर्डबॉय जागच्या जागी थिजले. फिजिओबाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता सगळं फुकट गेलं. पण मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मी इतरांना सांगितलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "एक मिनिट द्या, सर. मी आहे मागे."

ते एक मिनिट फार लांब होतं. तो जमिनीवर बसून श्वास घेत होता. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून फरशीवर पडत होता. सात-आठ माणसं गोल उभी होती. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं, जणू ते कोणा दुसऱ्याने तिथे ठेवले होते. मग वळून चार पायांवर आला. उजवं पाऊल पुढे टेकवलं. एक हात गुडघ्यावर, एक हात दांड्यावर. दात आवळले आणि वर आला. डगमगला. भिंतीला खांदा लावला, आणि उभा राहिला.

डॉक्टरांनी फिजिओबाईंच्या हातातली पाटी घेतली. सगळ्या खुणा वरपासून खालपर्यंत वाचल्या.

"उठला, चालला, खाली गेला, परत उठला," ते म्हणाले. "बोलला. आणि मला हलवलं, ते कुठे लिहिलंत?"

"त्याला रकाना नाही, सर."

"हं." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या खाली काहीतरी लिहून सही केली. "सहा आठवडे द्या याला. बैठकीत मी सांगतो."

मी बाकावरून उठले. मला त्याला मिठी मारायची होती, त्या गुरुवारच्या ओरडण्याची माफी मागायची होती, आणि त्याहून आधीच्या त्या एका वाक्याची. धाकट्याने मान वळवून कॉरिडॉरभर पाहिलं. कोणाला तरी शोधत होता. डॉक्टरांवरून, नर्सवरून त्याची नजर सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. आठ आठवड्यांत त्या चेहऱ्यावर मी राग पाहिला नव्हता. आता चांगला सणसणीत राग होता, कारागिराचा.

"ताई," तो म्हणाला. "ही... कोणी बसवली?"

हा प्रश्न त्याला कोणी विचारायला सांगितला नव्हता.